कमिटीत कोण बसणार?

पावसाळा सरला की आपल्या हर्णेत गटागटांत विषय निघतो, यंदा बायकांच्या गाण्यांचा, फुगड्यांचा कार्यक्रम करूया. उत्साह असतो. मग कमिटी ठरते आणि मंडप, पाहुणे, पैसे एकीकडे जातात. रांगोळी आणि चहा-पोहे आपल्याकडे येतात.

हे दुखणं जुनं आहे. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. आजच्या साहित्य संमेलनाची सुरुवात तीच. १८८५ साली दुसरी सभा ठरली, तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावणं धाडलं. जोतीरावांनी तीस वर्षांपूर्वीच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलेलं, म्हणजे मान देऊनच बोलावलं होतं. ते गेले नाहीत. पत्र लिहून कळवलं, की जे सर्वांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचं जमणार नाही. ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं: बोलावणं आलं म्हणजे ठरवण्यात वाटा मिळाला, असं त्यांनी मानलं नाही.

आणि बायका? पहिली बाई संमेलनाची अध्यक्ष झाली ती १९६१ साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. पहिल्या सभेनंतर त्र्याऐंशी वर्षांनी! पुढे दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. २०२५ साली दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष तारा भवाळकर. या सहाव्या. अठ्ठ्याण्णवांत सहा. ताराबाईंनी आयुष्यभर अभ्यास केला तो लोकसंस्कृतीचा, आपल्या आज्या जात्यावर म्हणायच्या त्या ओव्यांचा. म्हणजे ज्याला कुणी साहित्य म्हणत नव्हतं, ते घेऊन त्या तिथे पोचल्या.

आता आपलं. पहिली बैठक लावताना वेळ बघा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. बैठक पाच वाजता ठेवली, तर कोळणी येणार नाहीत आणि वहीत मात्र लिहिलं जाईल, 'सर्वानुमते ठरले'. त्यापेक्षा जेवणं उरकल्यावर बसा. पावतीपुस्तक आणि पैशाची पेटी दोघींकडे वेगवेगळी ठेवा. आणि वाडीतली जी आजी गाणी सांगते, तिला नुसतं पहिल्या रांगेत बसवू नका, कमिटीत घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो. कोणतं गाणं लग्नातलं, कोणतं गौरीचं, हे तिच्याशिवाय सांगणार कोण?