मेमरी टायमिंग

मेमरी टायमिंग म्हणजे एक आज्ञा मिळाल्यापासून पुढील क्रिया होईपर्यंत संगणकाच्या रॅमने किती घड्याळ-चक्रे थांबावे, हे ठरवणाऱ्या आकड्यांचा संच होय. हे आकडे १६-१८-१८-३८ अशा क्रमाने लिहितात. त्यांतील पहिल्या आकड्यास 'कॅस लेटन्सी' म्हणतात.

कार्यपद्धती

डीरॅम प्रकारच्या स्मृतीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रात विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये मांडली. त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. धारित्रातील भार सतत गळत असल्याने प्रत्येक ओळ साधारणतः ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भारित करावी लागते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर हा अवधी ३२ मिलिसेकंदांवर आणला जातो. वाचनामुळेही भार नष्ट होतो व तो परत भरावा लागतो. टायमिंग अवाजवी कमी केल्यास भार नीट ओळखला वा भरला जात नाही आणि बिट चुकतो.

वेग व विलंब

डीडीआर४-३२०० स्मृतीचे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते, म्हणजे एक चक्र ०.६२५ नॅनोसेकंदाचे होते. म्हणून १६ चक्रांचा विलंब १० नॅनोसेकंद भरतो. डीडीआर५-६००० मध्ये ३० चक्रांचा विलंबही १० नॅनोसेकंदच असतो. त्यामुळे केवळ चक्रांच्या आकड्यावरून दोन प्रकारच्या स्मृतींची तुलना करता येत नाही.

मांडणी

प्रत्येक मॉड्यूलवरील एसपीडी चिपमध्ये त्याच्या प्रमाणित टायमिंगची नोंद असते व संगणक सुरू होताना बायोस ती वाचते. एक्सएमपी प्रोफाइल निवडल्यास प्रमाणापेक्षा अधिक वेग मिळतो. भिन्न वेगांचे मॉड्यूल एकत्र बसवल्यास सर्व स्मृती सामान्यतः सर्वांत मंद मॉड्यूलच्या वेगाने चालते. दोनऐवजी चार मॉड्यूल लावल्यास मेमरी कंट्रोलरवरील भार वाढतो आणि स्थिर राहणारा कमाल वेग घटू शकतो.

स्थैर्य

अस्थिर स्मृतीमुळे संगणक अचानक बंद पडतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे चुकलेला बिट कोणतीही सूचना न देता फाइलमध्ये कायमचा लिहिला जाऊ शकतो आणि पुढे तिच्या प्रतींतही उतरतो. म्हणून टायमिंग बदलल्यावर मेमटेस्ट८६ सारख्या आज्ञावलीने दीर्घ चाचणी घेतली जाते. सर्व्हरमध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवणारी ईसीसी स्मृती वापरतात. ती एका बिटाची चूक दुरुस्त करते व दोन बिटांची ओळखते. गुगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या.

आयुर्मान

फ्लॅश स्मृतीप्रमाणे डीरॅम वारंवार लिहिण्याने झिजत नाही. कमी टायमिंगमुळेही चिपची प्रत्यक्ष हानी होत नाही. हानी होते ती मुख्यतः वाढीव विद्युतदाब व उष्णता यांमुळे. डीडीआर४ चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट आहे. अनेक एक्सएमपी प्रोफाइल १.३५ व्होल्ट वापरतात, तर प्रमाणपत्रकातील निरपेक्ष कमाल मर्यादा १.५ व्होल्ट आहे.