शड्डू आधी, नमस्कार नंतर

वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेलं ते एका पराभवामुळे. अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी इथे तह करावा लागला. जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याचे पुतळे उभे राहिले.

पुण्याच्या गादीवर तेव्हा दुसरा बाजीराव होता. त्याच्या दरबाराची एक कथा तालमींत अजून सांगतात. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले आणि जोड मागू लागले. कुणी पुढे येईना. अखेर बाळंभटदादा देवधर या पोरसवदा ब्राह्मणाने विडा उचलला. त्याने गुलाबला चीत केलं आणि अलीने कुस्ती न खेळताच काढता पाय घेतला. मल्लखांबाला नवं रूप दिलं ते याच बाळंभटदादांनी.

कथेत बढाईखोर हरतात, पण म्हणून आखाड्याला बढाईचं वावडं आहे असं नाही. तिथे तिची वेळ ठरलेली असते. पहिलवान मैदानात उतरतो, माती कपाळाला लावतो आणि मांडीवर असा काही शड्डू ठोकतो की शेवटच्या ओळीतला माणूसही मान वर करतो. ती उघड बढाईच असते. जोडीदार चीत झाला की मात्र तोच गडी वाकून वस्तादाच्या पायांना हात लावतो. मग डफडं वाजतं, फेटा बांधला जातो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. मिरवायचं काम गावाचं.

या हिशेबाने 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेणारा मुष्टियोद्धा मुहम्मद अली आखाड्यात शोभला असता. यमकं जुळवून तो लढतीआधीच प्रतिस्पर्ध्याला डिवचायचा. तो त्याचा शड्डूच होता. उसेन बोल्टचं काय करायचं, हे ठरवणं वस्तादांना जड गेलं असतं. 2008 साली बीजिंगमध्ये 100 मीटरच्या शर्यतीत रेषा यायच्या आतच त्याने वेग सोडला, छातीवर थाप मारली आणि तरीही 9.69 सेकंदांचा विश्वविक्रम केला. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जॅक रॉग यांनी त्याला जाहीर कानपिचक्या दिल्या.

वऱ्हाडाने ऑलिंपिक पाहिलं ते पदकाविना. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. या मंडळाचं पथक 1936 साली बर्लिनला गेलं आणि त्याने तिथे हुतुतू, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. त्याच स्पर्धेत जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली. अमरावतीकरांना जिंकायचं काहीच नव्हतं. पारतंत्र्यातल्या देशाचं कसब जगापुढे ठेवणं, एवढाच त्यांचा शड्डू.

आखाड्याची रीत शेवटपर्यंत पाळली ती खाशाबा जाधवांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पहिलवान 1948 साली लंडनमध्ये सहावा आला. 1952 च्या हेल्सिंकी वारीसाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. खाशाबांनी 57 किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनपासून 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपलं काम चोख केलं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले आणि 1955 साली पोलिसात फौजदाराची नोकरी धरली.

त्यांनी कधी स्वतःचा डंका पिटला नाही, आणि देशानेही पिटला नाही. गावच्या मैदानात विजेत्याने गप्प राहणं परवडतं, कारण बोलायला चारी बाजूंना लोक उभे असतात. दिल्लीच्या दरबारात तसं कुणी नव्हतं. खाशाबांचा सालसपणा हा त्यांचा मोठेपणा. पण सरकार आणि क्रीडासंघटनांना तो विसरण्याची सोय म्हणून पुरला. 1984 साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये तिसरा आला. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याला लगेच बढती जाहीर झाली, बक्षिसं जाहीर झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबांचं नाव मिळालं ते 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. हेल्सिंकीच्या पदकाला तेव्हा 58 वर्षं झाली होती.