सात दिवसांचा सामना

मार्च १९४९ मध्ये माझे आजोबा सलग सात दिवस शनिवार पेठेतून सायकल हाणत कॅम्पातल्या पूना क्लबच्या मैदानावर जात होते. रणजीचा उपांत्य सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. निकाल लागेपर्यंत खेळायचं, असा तेव्हाचा रिवाज. आजी सांगायची, "रोज सकाळी पोळी नि बटाट्याची भाजी बांधून द्यायची. चौथ्या दिवशी विचारलं, अजून संपला नाही का हो? तर म्हणाले, संपायची घाई कुणाला आहे?"

आजोबांच्या वहीत तो सामना शाईनं उतरवलेला आहे. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २,३७६ धावा, नऊ शतकं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा पुन्हा कधी झाल्या नाहीत. महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. पण वहीत ६०४ या आकड्याखाली दोन रेघा आहेत, पराभवाखाली एकही नाही.

त्याच मैदानावर तीन महिने आधी भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाताशी आला होता. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. हा प्रसंग सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी खाली यायचा. निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही, हे ते शेवटी सांगत आणि मग बराच वेळ गप्प बसत.

१९८४ च्या डिसेंबरात वडील मला नेहरू स्टेडियमवर घेऊन गेले. भारत-इंग्लंड, पुण्यातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. वेंगसरकरचं शतक पाहून हरखून घरी आलो, तर आजोबांनी विचारलं, "एवढ्यात संपला?"

पुण्याला पहिली कसोटी मिळायला २०१७ साल उजाडावं लागलं. त्याच्या सात वर्षं आधी सहारानं ३७ कोटी डॉलर मोजून आयपीएलचा पुणे संघ घेतला होता. आधी लिलाव, मग कसोटी, असा आमच्या गावाचा क्रम लागला. गहुंजेच्या त्या कसोटीत भारताचे डाव १०५ आणि १०७ वर आटोपले, सामना तीन दिवसांत संपला आणि खेळपट्टीला आयसीसीनं 'खराब' असा शेरा दिला.

पैशाचा हिशेब सरळ आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एका संध्याकाळच्या सामन्याला जवळजवळ ११८ कोटी. भारतातल्या ८८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचे हक्क ५,९६३ कोटींना गेले, म्हणजे सरासरी ६८ कोटींच्या आत, मग ती पाच दिवसांची कसोटी का असेना. दक्षिण आफ्रिकेसारख्या मंडळाचा तर यात जीवच गुदमरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांचे मुख्य खेळाडू घरच्या लीगमध्ये अडकले आणि न्यूझीलंडमधल्या कसोटीसाठी जो कप्तान पाठवला, त्याची ती पहिलीच कसोटी होती. त्यांना मी दोष देणार नाही. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याला काय बोलायचं?

आपल्या मंडळाचं तसं नाही. जगातलं सगळ्यात श्रीमंत मंडळ आपलं. तरीही २०२०-२१ मध्ये, कोरोनाच्या हंगामात, टी-ट्वेंटी आणि एकदिवसीय स्पर्धा झाल्या, पण १९३४ पासून कधीही न खंडलेली रणजी रद्द झाली. वेळ कमी पडला की कात्री पहिल्यांदा कशावर चालते, ते तेव्हा दिसलं आणि मला ते फार लागलं. मार्च २०२४ मध्ये मंडळानं हंगामातल्या बहुतेक कसोट्या खेळणाऱ्याला प्रत्येक कसोटीमागे ४५ लाखांपर्यंत जादा रक्कम जाहीर केली. चांगलं केलं. पण तो पैसा वरच्या पंधराजणांपर्यंत पोचतो. कसोटीपटू जिथं घडतो ते चार दिवसांचे सामने, त्यांच्या तारखा, त्यांची मैदानं यांकडेही तोच हात वळायला हवा.

पोरांत धीर उरला नाही, असं कुणी म्हणालं की मी २०१६ ची आठवण देतो. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. आजोबा तेव्हा नव्हते. त्यांच्या वहीतल्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते आकडे मी लिहून ठेवले.

या हिवाळ्यात गहुंजेला रणजीचा सामना लागला की एक दिवस काढा. रणजीला बहुधा तिकीट नसतं. डबा घेऊन जा.