नोंदीवरील निर्यातदार

देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या सीमाशुल्क दस्तऐवजावर निर्यातदार म्हणून जिचे नाव असते आणि त्या निर्यातीची कायदेशीर जबाबदारी जिच्यावर येते, ती व्यक्ती किंवा संस्था म्हणजे नोंदीवरील निर्यातदार. व्यापारी व्यवहारात ‘एक्स्पोर्टर ऑफ रेकॉर्ड’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. एका कंटेनरमागे अनेक हात असतात : माल पिकवणारा शेतकरी किंवा तो बनवणारा कारखाना, परदेशी ग्राहकाशी सौदा करणारा व्यापारी, जहाजावर जागा मिळवून देणारा फ्रेट फॉरवर्डर, कस्टम्समध्ये कागद भरणारा ब्रोकर. शासन मात्र हिशेब मागते तो दस्तऐवजावर नाव असलेल्याकडे. मालाचे वर्णन खोटे निघाले, पैसे परत आले नाहीत किंवा बंदी असलेली वस्तू बाहेर गेली, तर पहिली नोटीस त्याच नावावर निघते. करपरतावा आणि निर्यात सवलतीही त्याच नावाच्या खात्यात जमा होतात.

भारतात या भूमिकेचा आधार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये आहे. त्याच्या कलम २(२०) नुसार माल निर्यातीसाठी दाखल झाल्यापासून तो बाहेर पडेपर्यंत मालाचा मालक, लाभार्थी मालक किंवा स्वतःला निर्यातदार म्हणवणारी कोणतीही व्यक्ती ‘निर्यातदार’ या व्याख्येत येते. ‘लाभार्थी मालक’ हे शब्द २०१७ च्या दुरुस्तीने आले. कागदावर एक नाव आणि पडद्याआड खरा धनी दुसराच, अशा प्रकरणांत त्या धन्यापर्यंत पोचता यावे यासाठी ही दुरुस्ती उपयोगी पडते. पण तिने कागदावरचे नाव सुटत नाही. आपण फक्त सही केली, माल आपला नव्हता, असे म्हणणाऱ्यालाही व्याख्येतला शेवटचा भाग लागू होतोच.

विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ७ प्रमाणे आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, असल्याशिवाय निर्यात करता येत नाही. विदेश व्यापार महासंचालनालय हा कोड देते. वस्तू व सेवा कर आल्यापासून अर्जदाराचा पॅन हाच त्याचा आयईसी असतो. ज्या बँकेत परदेशातून पैसे यायचे, तिचा एडी कोड संबंधित बंदरासाठी सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट प्रणालीवर नोंदवावा लागतो. शेतमाल, प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ, समुद्री उत्पादने अशा वस्तूंसाठी अपेडा किंवा एम्पेडा यांसारख्या संस्थांची नोंदणीही लागते.

त्यानंतर येते शिपिंग बिल. माल जहाजाने किंवा विमानाने जाणार असेल तर शिपिंग बिल आणि खुष्कीच्या मार्गाने जाणार असेल तर बिल ऑफ एक्स्पोर्ट, असे सीमाशुल्क अधिनियमाचे कलम ५० सांगते. त्यात निर्यातदाराचे नाव, आयईसी, जीएसटी क्रमांक, मालाचे वर्णन, वर्गीकरणाचा क्रमांक, वजन, किंमत, उत्पादनाचे राज्य आणि जिल्हा, मागितलेल्या सवलती असे सगळे असते. प्रत्यक्षात ते बहुधा कस्टम्स ब्रोकर भरतो. गोदीतली जुनी माणसे त्याला अजून सीएचए म्हणतात. तो दाखल करण्याआधी चेकलिस्ट पाठवतो आणि निर्यातदाराने ती तपासून होकार द्यायचा असतो. मोठ्या घाईच्या दिवशी ही चेकलिस्ट न वाचताच ‘ओके’ जातो. नंतरच्या वादांचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. कायद्याने माहितीच्या अचूकतेची आणि कागदपत्रांच्या सत्यतेची हमी निर्यातदाराकडून घेतलेली आहे. ब्रोकर हा त्याचा प्रतिनिधी. प्रतिनिधीने केलेले काम कलम १४७ नुसार मूळ धन्याचेच समजले जाते. ब्रोकरवर स्वतंत्र कारवाई होऊ शकते, तरी त्यामुळे निर्यातदार मोकळा होत नाही.

माल तपासून अधिकारी कलम ५१ खाली ‘लेट एक्सपोर्ट ऑर्डर’ देतो. या आदेशाच्या तारखेला असलेले महत्त्व महाराष्ट्रातल्या कांदा व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. निर्यात शुल्काचा दर शिपिंग बिलाच्या तारखेवरून ठरत नाही. कलम १६ प्रमाणे तो लेट एक्सपोर्ट ऑर्डरच्या तारखेवरून ठरतो. त्यामुळे सौदा आधी झाला, कांदा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारातून जुन्या हिशेबाने उचलला, कंटेनर न्हावा शेव्याच्या वाटेवर, आणि शुल्क मात्र नवे, अशी स्थिती येते. परदेशी ग्राहक ठरलेल्या भावापेक्षा एक पैसा जास्त देईलच असे नाही. कस्टम्सला शुल्क देण्याचे दायित्व शिपिंग बिलावरच्या नावाचे. पुढे ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला ती किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. दीड-पावणेदोन वर्षांत अनेकदा नियम फिरले. हा धोका पेलण्याएवढे भांडवल छोट्या निर्यातदाराकडे नसते आणि त्याचा भार शेवटी बाजार समितीतल्या लिलावाच्या बोलीवर पडतो. अशा अचानक निर्णयांत आधी झालेल्या सौद्यांना नियमानेच संरक्षण मिळायला हवे.

माल जहाजावर चढला तरी दप्तरी निर्यात पूर्ण होत नाही. जहाज कंपनीने एक्सपोर्ट जनरल मॅनिफेस्ट, म्हणजे ईजीएम, भरून तो माल गेल्याचे नोंदवावे लागते. शिपिंग बिल आणि ईजीएममधला कंटेनर क्रमांक किंवा नगांची संख्या जुळली नाही तर ड्रॉबॅक, म्हणजे सीमाशुल्काचा परतावा, आणि आयजीएसटीचा परतावा अडकतो. चूक जहाज कंपनीची असली तरी ती दुरुस्त करून घेण्यासाठी खेटे घालतो तो निर्यातदार.

पैशाची बाजू विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ खाली येते. निर्यात केलेल्या मालाचे पूर्ण मूल्य रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मुदतीत देशात आणणे हे निर्यातदाराचे कर्तव्य आहे. ही मुदत दीर्घकाळ नऊ महिन्यांची होती. कस्टम्सकडची शिपिंग बिले रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत उतरतात आणि आलेल्या रकमेशी जुळेपर्यंत उघडी राहतात. ग्राहक दिवाळखोर झाला किंवा त्याने मालाच्या दर्जाबद्दल तक्रार करून निम्मेच पैसे दिले, तर उरलेल्या रकमेचे स्पष्टीकरण बँकेला द्यायचे असते. कस्टम्समध्ये खुलासा झाला म्हणून बँकेतला खुलासा टळत नाही. जबाबदारीच्या या दुसऱ्या शेपटाची कल्पना नसलेले नवे निर्यातदार पुष्कळ असतात.

उत्पादक आणि निर्यातदार वेगळे असतात तेव्हा विषय अधिक नाजूक होतो. सोलापूरच्या टॉवेल कारखान्याने माल मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरला विकला आणि त्याने तो परदेशी पाठवला, ही नेहमीची रीत आहे. इथे शिपिंग बिल, परदेशी ऑर्डर, इन्व्हॉइस आणि बँकेचे प्रमाणपत्र मर्चंट एक्स्पोर्टरच्या नावावर असते. २३ ऑक्टोबर २०१७ पासून अशा निर्यातदाराला माल ०.१ टक्का जीएसटी आकारून देता येतो. मात्र कर-इन्व्हॉइसच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, आणि उत्पादकाचा जीएसटी क्रमांक व इन्व्हॉइस क्रमांक शिपिंग बिलावर दिसला पाहिजे. निर्यात झालीच नाही, तर कारखानदाराला सवलतीच्या दराचा आधार उरत नाही. म्हणजे नाव दुसऱ्याचे असले तरी कराची टांगती तलवार उत्पादकावर असते. विदेश व्यापार धोरणात ‘थर्ड पार्टी एक्सपोर्ट’ची तरतूद आहे. तिच्याप्रमाणे शिपिंग बिलावर निर्यातदार आणि उत्पादक या दोघांचीही नावे घातली, तर उत्पादकाला आपली निर्यातीची दायित्वे त्या मालातून पूर्ण झाल्याचे दाखवता येते. नाव घातलेच नाही, तर माल आपल्याच कारखान्यातून गेल्याचे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते.

नाशिकच्या द्राक्षांत हीच गुंतागुंत शेतापर्यंत पोचते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी होते. अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत पेटीवरून बागेपर्यंतचा माग काढता येतो. कीडनाशकांच्या अंशांची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र घेतले जाते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतल्या सीसीसीचे, अंश युरोपीय मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि भारतीय द्राक्षे तिथल्या बाजारात अडकली. आयातदारासमोर उभा होता तो निर्यातदार. त्याच्या हातचा माल आणि पैसा दोन्ही अडकले. ज्या शेतकऱ्यांनी द्राक्षे विश्वासावर दिली होती त्यांनाही त्या हंगामात मोठी झळ बसली. निर्यातदाराची कायदेशीर जबाबदारी सरकार आणि परदेशी ग्राहक यांच्याकडे तोंड करून असते. शेतकऱ्याशी असलेले त्याचे नाते फक्त करारातून येते, आणि तो करार पुष्कळदा तोंडी असतो. या विषयातली सर्वांत मोठी उणीव मला इथेच दिसते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वतःच निर्यातदार होणे हा तिच्यावरचा भक्कम उपाय आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने तो करून दाखवला आहे. तिथे जोखीम संपलेली नाही. पण ती पेलणारा आणि नफा घेणारा एकाच छताखाली आला आहे.

विक्रीच्या अटींचाही या भूमिकेशी संबंध आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इन्कोटर्म्सनुसार एफसीए, एफओबी, सीआयएफ अशा अटींत निर्यातीची कस्टम्स औपचारिकता विक्रेत्याकडे असते. ‘एक्स वर्क्स’ या अटीत विक्रेता माल कारखान्याच्या दारात ताब्यात देतो आणि बाकी सारे ग्राहकाकडे जाते. कागदावर हे सोपे दिसते. परदेशी ग्राहकाकडे मात्र भारतातला आयईसी नसतो. मग त्याचा फॉरवर्डर विक्रेत्यालाच शिपिंग बिलासाठी नाव मागतो. विक्रेत्याने भाव लावला दारापर्यंतचा आणि जबाबदारी घेतली बंदरापर्यंतची, असा प्रकार होतो. नाव द्यायचेच असेल तर एफसीए अट घ्यावी; त्यात हक्क आणि जबाबदारी जुळतात.

भारताबाहेर पाहिले तर, अमेरिकेत जनगणना विभागाच्या विदेश व्यापार नियमांत ‘यूएस प्रिन्सिपल पार्टी इन इंटरेस्ट’ ही संज्ञा आहे : व्यवहारातून पैशाचा किंवा इतर मुख्य लाभ ज्याला मिळतो तो अमेरिकेतला पक्ष. एका वर्गीकरण क्रमांकाखालचा माल २,५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीचा असेल किंवा त्याला परवाना लागत असेल, तर निर्यातीची इलेक्ट्रॉनिक माहिती भरावी लागते. परदेशी ग्राहक स्वतःचा अमेरिकी एजंट नेमून ती भरू शकतो, पण त्यासाठी लेखी अधिकारपत्र लागते. युरोपीय संघात १ मे २०१६ पासून नवी सीमाशुल्क संहिता लागू झाली. तिथे निर्यातदार संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात प्रस्थापित असावा लागतो. पहिल्या व्याख्येने परदेशी विक्रेत्यांची अडचण केली. २०१८ च्या दुरुस्तीने पक्षांना आपसात निर्यातदार ठरवण्याची मोकळीक दिली, पण स्थानिक अस्तित्वाची अट ठेवली.

या अटीमुळेच अनेक देशांत एक सेवाव्यवसाय उभा राहिला आहे. ज्या कंपनीचे एखाद्या देशात कार्यालय किंवा नोंदणी नाही, तिच्यासाठी स्थानिक संस्था शुल्क घेऊन निर्यातदार म्हणून उभी राहते. डेटा सेंटरमधले जुने सर्व्हर परत नेणे, प्रदर्शनाला आणलेली यंत्रे हलवणे, दुरुस्तीचे सुटे भाग पाठवणे अशा कामांत ही सेवा वापरली जाते. चांगली संस्था आधी मालाचे वर्गीकरण तपासते. तो माल दुहेरी वापराच्या यादीत, भारतात स्कोमेट यादीत, येतो का हे पाहते. अंतिम वापर करणारा कोण हे विचारते आणि कागद वर्षानुवर्षे जपून ठेवते. ही चौकशी न करता नुसते नाव देणे याला सेवा म्हणता येणार नाही.

आयईसी ‘भाड्याने’ देणे हा तर उघड धोका आहे. दरमहा काही हजार रुपयांच्या आमिषाने कोणी आपला कोड दुसऱ्याला वापरू देतो आणि त्यावर फुगवलेल्या किमतीचा माल बाहेर जातो. उद्देश असतो सवलती लाटण्याचा. २००३ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ड्रॉबॅकसाठी तयार कपड्यांची किंमत फुगवून दाखवणे हे माल जप्तीस पात्र ठरवणारे कृत्य मानले. खोटी घोषणा किंवा खोटा दस्तऐवज जाणूनबुजून वापरल्यास सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आपला माल दुसऱ्याच्या नावावर परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने आणि शेतकरी गटाने तीन गोष्टी मागून घ्याव्यात : शिपिंग बिलाची प्रत, ईजीएम क्रमांक आणि नुकसान झाल्यास ते कोणी किती सोसायचे हे सांगणारा लेखी करार. त्या शिपिंग बिलावर उत्पादक म्हणून आपले नाव आहे की नाही, हे माल पॅकहाऊसमधून निघण्यापूर्वी चेकलिस्टवरच पाहावे.