मागील पानावरून पुढे

पाडव्याला नवी वही सुरू होते, पण तिचं पहिलं पान कधीच कोरं नसतं. वर 'श्री', बाजूला शुभ-लाभ, हळदकुंकू आणि त्याखाली लगेच जुन्या वहीतून ओढून आणलेली बाकी. कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं. चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांकडे आता वह्यांच्या जागी संगणक आले, तरी ती ओळ गेली नाही, तिला फक्त 'ओपनिंग बॅलन्स' म्हणायला लागले. व्यापारी नवं खातं उघडतो ते असं. जुनं पुसत नाही, पुढे ओढतो.

गूगलवरच्या जाहिरातींचं खातं मात्र तसं नसतं. माझ्या मावसभावाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे. गेली सहा वर्षं त्याच्या जाहिराती एक एजन्सी सांभाळत होती. यंदा फारकत झाली तेव्हा कळलं की खातं एजन्सीच्या ईमेलवर, एजन्सीच्याच नावाने काढलेलं. पैसे याचे, माल याचा, चावी त्यांच्याकडे. ती काही मिळाली नाही. "ताई, खातंच तर आहे. नवा ईमेल टाकायचा, पैसे भरायचे, पाच मिनिटांचं काम," हा म्हणाला. पाच मिनिटांचं आहेच. पण त्या पाच मिनिटांत मागे काय राहतं हे कळायला पंचवीस-तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनाने शोधाच्या निकालातली जागाच लिलावाने विकायला काढली. सौदा सरळ होता. ज्याची बोली मोठी त्याचं नाव वर, आणि कुणी क्लिक केलं तरच पैसे. गंमत म्हणजे कोण किती देतोय हे निकालाशेजारी उघड लिहिलेलं असे. आपल्या बाजार समितीतला कांद्याचा लिलावही इतका उघडावाघडा नसेल! लोकांनी आधी नाकं मुरडली, मग जाहिरातदार रांगेत उभे राहिले. २००१ मध्ये गोटूचं नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली.

गूगलने अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं ते ऑक्टोबर २००० मध्ये, ३५० जाहिरातदारांना घेऊन. तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे होते. खरा बदल फेब्रुवारी २००२ मधला. गूगलनेही क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली, पण क्रम नुसत्या बोलीवर लावला नाही. बोलीला गुणायचं ते त्या जाहिरातीवर लोक किती वेळा क्लिक करतात त्याने. (पेटंटवरून ओव्हर्चरने त्याच वर्षी कोर्टात खेचलं आणि २००४ मध्ये गूगलने २७ लाख शेअर देऊन ते मिटवलं. असो.)

हे गणित साधं आहे. समजा एकाने क्लिकमागे १० रुपये बोली लावली, पण शंभरांत एकच जण त्याच्या जाहिरातीवर क्लिक करतो. दुसऱ्याने ५ रुपयेच लावले, पण शंभरांत तिघे क्लिक करतात. पहिल्याकडून शंभर वेळा दाखवून १० रुपये, दुसऱ्याकडून १५. मग वर कोण? अर्थातच दुसरा. म्हणजे लिलावात पैशाबरोबर पत शिरली. आणि पत म्हटलं की इतिहास आलाच, कारण लोक क्लिक करतील की नाही याचा अंदाज मागच्या क्लिकवरूनच बांधायचा. २००५ मध्ये याला 'क्वालिटी स्कोअर' असं नाव मिळालं. पुढची काही वर्षं तर गूगलच्या मदतपानावर स्कोअरच्या घटकांत 'खात्याचा इतिहास' असं स्पष्ट लिहिलेलं असे. आपल्याकडचे हुंडीवाले सराफ हे वाचून हसले असते. ते पिढ्यान् पिढ्या हेच करत होते.

साहजिकच वाईट इतिहास झाला की नवं खातं काढायचं, ही युक्ती तेव्हा सल्लागार मंडळी सर्रास सांगत. दिवाळं काढायचं आणि बायकोच्या नावाने दुकान थाटायचं, त्यातलाच प्रकार. पण ज्याचा इतिहास चांगला होता आणि तोच हातातून गेला, त्याने काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नसे.

आता तर तो जास्त बोचतो. २०१८ मध्ये अ‍ॅडवर्ड्सचं 'गूगल अ‍ॅड्स' झालं, आणि बोली लावायचं कामही बहुतेक यंत्रावर गेलं. यंत्र शिकतं ते मागच्या ऑर्डरींवरून. नव्या खात्यात ऑर्डरी शून्य. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण हे त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, आणि त्या शिकवणीची फी तुम्ही भरायची.

मला स्वतःला सर्वात हळहळ वाटली ती नको असलेल्या शब्दांच्या यादीची. 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणतात त्याला. या शब्दांवर माझी जाहिरात दाखवू नका, अशी यादी. 'चादर' हा शब्द किती ठिकाणी पसरलाय, याची कल्पना चादर विकणाऱ्याला जाहिरात दिल्याशिवाय येत नाही. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालतात तो 'चादर ट्रेक', त्याचे लोक जानेवारीच्या आसपास येणार. दर्ग्यावर चढवायची चादर शोधणारे येणार. हिंदीत पत्र्यालाही चादर म्हणतात, म्हणून छपरावर पत्रे टाकणारे येणार. त्यातही 'जीआय चादर' शोधणारा हमखास पत्रेवाला, त्याचं जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. आमचं जीआय वेगळं! भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ मध्ये लागू झाला आणि दोन-तीन वर्षांतच सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीची नोंद झाली, ते. यातला प्रत्येक चुकीचा क्लिक पैसे घेऊन जातो. सहा वर्षं एकेक क्लिक वाया घालवून झालेली ती यादी जुन्या खात्यातच राहिली.

तसंच स्पेलिंगचं. रोमन लिपीत 'चादर' लिहिताना कुणी एक डी घालतो, कुणी दोन. सोलापूरच्या एसपुढे एच लावून इंग्रजांच्या काळातलं 'शोलापूर' टाइप करणारे अजून आहेत, आणि त्यांचा ओढा जुन्या मालाकडे असतो असं मावसभावाचं निरीक्षण आहे. २०१४ पासून गूगल जवळची स्पेलिंगं आपणहून जुळवून घेतं. पण कुठलं स्पेलिंग लिहिणारा घाऊक घेतो आणि कुठलं लिहिणारा नुसता भाव विचारून जातो, हे आकड्यांतच कळतं.

एजन्सी हा शब्द सोलापूरला नवा नाही. मोरारजी गोकुळदासांनी उभारलेली आणि १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांसारखी तीही मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे. भाग भागधारकांचे, कारभार एजंटांचा. एजंटांचं कमिशन अनेक गिरण्यांत उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेलं, नफा होवो न होवो. जाहिरात एजन्सीही खर्चाच्या टक्क्यावर पैसे घेते. खर्च वाढला की तिची कमाई वाढली, ऑर्डर येवो न येवो. ही पद्धतच मुळात वाकडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, मग एजंट कितीही सज्जन असो.

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन वटहुकूम काढला. मॅनेजिंग एजंट गेले, संचालक गेले, सरकारचे संचालक आले. एका भागधारकाने, चिरंजीतलाल चौधरींनी, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली. तोवर वटहुकमाच्या जागी कायदा आला होता. नव्या संचालकांनी प्रेफरन्स भागांवर आणखी पैसे मागितले तेव्हा द्वारकादास श्रीनिवास भांडायला उभे राहिले, आणि डिसेंबर १९५३ मध्ये तोच कायदा न्यायालयाने अवैध ठरवला. मालकीचे सगळे अधिकार काढून घेतल्यावर कंपनीकडे मालकीचं नुसतं टरफल उरतं, आणि भरपाईशिवाय असं करता येत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. वकिलीच्या अभ्यासक्रमात हे दोन्ही खटले अजून असतात, पण सोलापुरात किती जणांना ठाऊक असतील कुणास ठाऊक. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७० मध्ये देशभरातून संपली.

टरफल हा शब्द मला या खात्याच्या बाबतीत फार चपखल वाटतो. बिलं भरली ती मावसभावाने, फोटोतल्या चादरी त्याच्या मागावरच्या, आणि उरलं काय? महिन्याच्या महिन्याला आलेल्या पीडीएफ. त्यात क्लिक किती, खर्च किती, एवढंच. शब्द नाहीत.

नवं खातं त्याने स्वतःच्या ईमेलवर काढलंय. पुढे कुणाला कामाला घेतलं तरी मालकी आपल्याकडे ठेवून त्याला फक्त प्रवेश द्यायचा, तो काढून घेता येतो. जुन्या गिऱ्हाइकांचे ईमेल आणि फोन नंबर कारखान्याच्या बिलांत होतेच, ते कुणी नेऊ शकलं नाही. आणि नको असलेल्या शब्दांची यादी आम्ही दोघांनी आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतली, गेल्या सहा वर्षांत कोणकोणते चुकीचे फोन आले होते त्यावरून. बेचाळीस शब्द झालेत. पहिला 'ट्रेक', दुसरा 'पत्रा'. काकूंनी स्वयंपाकघरातून 'अजमेर' सुचवला.