धूर दोनदा राबतो, पण गॅस कुठाय?

आपल्या बुलढाण्यात वीज म्हटली की शेजारचं पारस आठवतं, म्हणजे कोळसा. गॅसची गोष्ट उरणची. तिथं १९८२ पासून गॅस टर्बाइन आले. मुंबई हायचा गॅस जळायचा आणि शेकडो अंश तापलेला धूर तसाच आभाळात जायचा. १९९४ मध्ये त्याच धुरावर पाणी उकळून वाफेचे १२० मेगावॅटचे दोन संच चालू केले. जादा इंधन शून्य! यालाच संयुक्त चक्र म्हणायचं. एकूण क्षमता ६७२ मेगावॅट. पण गॅस पुरेसा मिळेना, म्हणून सगळे संच एकदम क्वचितच फिरले.

दाभोळला तर उलटीच गंमत. यंत्रं आधी ठरली. गॅस जहाजानं परदेशातून यायचा होता, भाव डॉलरमध्ये. १९९९ ला पहिला टप्पा चालला तो महागड्या नाफ्त्यावर, आणि मे २००१ मध्ये बंद.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. अ‍ॅरिस्टॉटल 'असू शकणं' आणि 'असणं' वेगळं धरतो. स्थापित क्षमता हे नुसतं 'असू शकणं' झालं. रात्री दोनला मोटर लावायला उठणाऱ्या मेहकरच्या शेतकऱ्यानं त्याचं काय करायचं?