लूट व प्रवास, संगणकीय भूमिकाखेळांतील

लूट व प्रवास, संगणकीय भूमिकाखेळांतील : ॲक्शन रोल-प्लेइंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांत खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, शत्रूंशी प्रत्यक्ष हालचालीने लढतो, पराभूत शत्रूंकडून किंवा पेटाऱ्यांतून शस्त्रे, चिलखते व धन मिळवितो आणि त्यांच्या साहाय्याने अधिक दूरच्या व अधिक धोक्याच्या प्रदेशात जातो. या मिळकतीस ‘लूट’ म्हणतात. लूट कोणत्या प्रमाणात द्यावयाची व एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास किती वेळ, श्रम व धोका पत्करावयास लावावयाचा, हे दोन प्रश्न या खेळांच्या रचनेत मध्यवर्ती आहेत. लूट हा शब्द भारतीय भाषांतून इंग्रजीत गेला आणि संगणकीय खेळांच्या परिभाषेत रूढ होऊन जगभर पसरला.

लूट व प्रवास यांचा संबंध लष्करी मोहिमेइतका जुना आहे. मिळालेली लूट वाहून न्यावी लागते. ओझे वाढले की वेग मंदावतो आणि वेग मंदावला की शत्रू गाठतो. संगणकीय खेळांनी हीच कोंडी नियमबद्ध केली. म्हणून त्यांचा इतिहास पाहताना प्रत्यक्ष मोहिमांच्या नियमांकडे प्रथम पाहणे उपयुक्त ठरते.

ऐतिहासिक पूर्वपीठिका : मराठ्यांच्या सैन्यव्यवस्थेत या दोहोंविषयी स्पष्ट नियम आढळतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत छत्रपती शिवाजी महाराजांच्या लष्करी शिस्तीचे वर्णन आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीत राही व दसऱ्यास मोहिमेवर निघे. निघताना प्रत्येकाजवळील चीजवस्तूंची यादी केली जाई. परत आल्यावर झडती घेऊन ती यादीशी ताडून पाहत. जास्त निघालेला ऐवज सरकारात जमा होई अथवा वेतनात वळता केला जाई. स्त्रिया व मुले धरू नयेत, असाही दंडक होता. म्हणजे लुटीवर मालकी राज्याची होती, शिपायाचा हक्क वेतनावर होता आणि दोहोंचा हिशेब लेखी होता. नियम ज्याने पाळावयाचा त्याला तो मोहिमेपूर्वीच ठाऊक असे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रवासाच्या बाबतीत कोल्हापूर परिसराचे उदाहरण बोलके आहे. सिद्दी जौहरचा वेढा पडला असता शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये भर पावसात रात्रीच्या वेळी पन्हाळ्याहून निसटले व सु. ६० किमी. अंतरावरील विशाळगडास पोहोचले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलाग करणाऱ्या सैन्यास थोपवून धरले व तेथेच प्राण वेचले. गडावरून होणारे तोफांचे आवाज ही महाराज सुखरूप पोहोचल्याची खूण ठरली होती. या घटनेत अंतर, काळोख, चिखल, अरुंद वाट व पाठलाग या प्रत्येक घटकाला निर्णायक मोल होते. दोन गडांमधील अंतर क्षणार्धात ओलांडता आले असते, तर खिंडीला काही अर्थच उरला नसता.

कोल्हापूरच्या गादीशी निगडित असलेल्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात तर वाटांच्या रचनेचा जाणीवपूर्वक विचार आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यासाठी इ. स. १७१५–१६ च्या सुमारास रचलेल्या या राजनीतिपर ग्रंथातील दुर्गप्रकरणात गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला आहे. दरवाजे व चोरदिंड्या एकाहून अधिक ठेवाव्यात, नेहमीच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून इतर चिणून टाकाव्यात, गडाकडे येणाऱ्या सुगम वाटा मोडून अवघड कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. वाट कोणासाठी सोपी व कोणासाठी कठीण असावी हे रचनाकाराने ठरवावयाचे असते, हे तत्त्व त्यामागे आहे. आधुनिक खेळांतील प्रदेशरचना याच तत्त्वावर उभी असते.

पटापासून संगणकापर्यंत : खेळाच्या पटावर प्रवासाचे नियम भारतात फार पूर्वीपासून आहेत. सोंगट्यांच्या खेळात कवड्यांच्या दानाप्रमाणे घरे चालावी लागतात. मोक्षपटात शिडी एकदम वर नेते, तर साप खाली आणतो. मात्र या खेळांत वाटेत मिळालेली वस्तू जवळ बाळगता येत नाही. मोहिमेचे सर्व घटक एकत्र आणणारा खेळ लष्करी शिक्षणातून आला. प्रशियात गेऑर्ग फोन राइसव्हित्स या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात प्रमाणबद्ध नकाशा, फासे व निर्णय देणारा पंच होता. अशा युद्धखेळांच्या परंपरेतून अमेरिकेत गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला.

या खेळात सैन्याची जागा एकेका पात्राने घेतली. कोणत्या शत्रूजवळ कोणते धन असावे याची कोष्टके होती व फासे टाकून ते ठरविले जाई. भुयारातून बाहेर आणलेल्या सुवर्णनाण्यांवर पात्राचा अनुभव वाढे. त्यामुळे लढाई टाळून धन आणणे हेही कौशल्य ठरे. वस्तूंचे वजन नाण्यांच्या भाराने मोजले जाई व भार वाढला की चाल कमी होई. रानातील प्रवासात दररोज किती अंतर तोडता येईल हे ठरलेले असून भटक्या शत्रूंची गाठ पडते का, यासाठी वेगळे फासे टाकीत. लुटीचे व प्रवासाचे बहुतेक सर्व पुढील नियम बीजरूपाने येथे सापडतात.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकप्रणालीवर विद्यार्थ्यांनी असे खेळ तयार केले. १९८० मधील ‘रोग’ या खेळात भुयाराची रचना प्रत्येक वेळी संगणकच नव्याने करी. सापडलेल्या औषधाचा गुण ते प्याल्याखेरीज सहसा कळत नसे. अन्न संपत जाई, त्यामुळे एका जागी थांबून राहणे अशक्य होते. शिवाय तळाशी असलेला ताईत घेऊन पुन्हा वर परतावे लागे. परतीचा प्रवास हा लुटीच्या किमतीचा भाग आहे, ही कल्पना या खेळाने दृढ केली. जपानमध्ये १९८४ मध्ये ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’, ‘ड्रॅगन स्लेअर’ व ‘हायड्लाइड’ या खेळांनी पाळीपाळीच्या चालीऐवजी प्रत्यक्ष हालचालीची लढाई आणली आणि कृतिप्रधान भूमिकाखेळांचा पाया घातला.

लुटीची रचना : या प्रकारास निश्चित रूप दिले ते ‘डायब्लो’ या अमेरिकी खेळाने. १९९६ च्या अखेरीस हा खेळ पूर्ण झाला व त्यानंतर विक्रीस आला. त्याचे एक प्रमुख रचनाकार डेव्हिड ब्रेव्हिक यांनी प्रथम तो ‘रोग’प्रमाणे पाळीपाळीच्या चालीचा योजिला होता, पुढे त्याचे रूपांतर सलग चालणाऱ्या खेळात झाले. त्यात वस्तूच्या मूळ नावास आगेमागे विशेषणे जोडून संगणक असंख्य प्रकारची शस्त्रे निर्माण करी. ‘डायब्लो २’ (२०००) मध्ये वस्तूंच्या दुर्मिळतेप्रमाणे पांढरा, निळा, पिवळा, हिरवा व सोनेरी असे रंग स्थिरावले. प्रत्येक शत्रूस लुटीचे एक कोष्टक जोडलेले असून त्यातून यादृच्छिक निवड होते.

या निवडीमागील गणित खेळाडूच्या अपेक्षेहून वेगळे असते. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर शंभर प्रयत्नांत ती मिळेलच असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात शंभर प्रयत्नांनंतरही शेकडा सु. ३७ खेळाडू रिकाम्या हाती राहतात. शेकडा ९९ जणांस ती मिळण्यासाठी सु. ४६० प्रयत्न लागतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते की, बक्षीस अनिश्चित अंतराने मिळत राहिले, तर कृती अधिक चिकाटीने होत राहते. लुटीचे आकर्षण बऱ्याच अंशी या प्रवृत्तीवर आधारलेले आहे. त्याचा अतिरेक टाळण्यासाठी ठरावीक अपयशांनंतर वस्तू हमखास देण्याची सोय काही खेळांत केलेली असते. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ (२०१३) या खेळात सुवर्णनाणी न ठेवता वस्तूंत बदल घडविणारी द्रव्येच विनिमयाचे साधन केली. त्यामुळे चलन साठवावे की वापरावे, हा निर्णय खेळाडूवर येऊन पडला.

प्रवासाची रचना : ‘डायब्लो’मध्ये ट्रिस्ट्रम हे गाव व त्याच्या चर्चखाली सोळा मजले अशी मांडणी होती. खेळाडूची झोळी चौकटींत विभागलेली व मर्यादित असे. ती भरली की पोथीच्या साहाय्याने द्वार उघडून गावात जावयाचे, वस्तू विकावयाच्या व त्याच द्वाराने परतावयाचे. ही ये-जा खेळाचा विसावा होती. ‘डायब्लो २’ मध्ये प्रदेश विस्तारल्याने प्रवासाचे टप्पे आले; एकदा पायी गाठलेल्या टप्प्यावर पुढे केव्हाही तत्काळ जाता येई. ही सोय झाल्याबरोबर खेळाडू मधला प्रदेश वगळून ठरावीक बलाढ्य शत्रूवरच पुनःपुन्हा धाव घेऊ लागले. प्रवास सोपा केल्याने लुटीचा वेग बदलला व त्याबरोबर खेळाचे स्वरूपही बदलले.

‘मॉरोविंड’ (२००२) मध्ये नावा व महाकाय कीटकांची वाहने ठरावीक गावांदरम्यानच चालत. इतरत्र लोकांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून वाट शोधावी लागे. त्याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) मध्ये नकाशावरून थेट इच्छित स्थळी जाण्याची मुभा मिळाली. वेळ वाचला, परंतु देशाची ओळख पातळ झाली, अशी तक्रारही झाली. जपानी ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये तत्काळ प्रवासाची शक्ती खेळाच्या जवळजवळ मध्यावर मिळते. तोवर खेळाडूच्या मनात सर्व वाटांचा नकाशा तयार झालेला असतो. मृत्यू आल्यास जमविलेले धन त्या जागी राहते व ते परत मिळविण्यासाठी तीच वाट पुन्हा तुडवावी लागते. लूट व प्रवास यांचा इतका घट्ट सांधा क्वचितच साधलेला आढळतो.

पैशाचा प्रवेश : एकविसाव्या शतकात लुटीचा संबंध खऱ्या पैशाशी जोडला गेला. ‘डायब्लो ३’ (२०१२) मध्ये खेळातील वस्तू खऱ्या पैशांत विकण्याची लिलावपेठ होती. शत्रू मारून लूट मिळविण्याऐवजी ती पेठेतून विकत घेणे सोपे झाले व खेळाचा हेतूच दुबळा झाला. निर्मात्यांनी १८ मार्च २०१४ रोजी ती पेठ बंद केली. याच दशकात अनेक खेळांत पैसे देऊन उघडावयाच्या ‘लूटपेट्या’ आल्या. आत काय आहे हे विकत घेईपर्यंत कळत नाही, म्हणून त्या जुगारात मोडतात का, हा वाद उत्पन्न झाला. चीनने २०१७ पासून अशा पेट्यांतील शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील लूटपेट्या बेकायदा ठरविल्या. भारतात २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली व ई-क्रीडा आणि सामाजिक स्वरूपाचे खेळ यांना वेगळे स्थान दिले.

महाराष्ट्रातील प्रयत्न : महाराष्ट्रात या क्षेत्रातील काही निर्मिती पुण्यात झाली. नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ भारतीय पुराणकथा व राजस्थानी वास्तुशैली यांवर आधारलेला आहे. तो लूट साठविण्यापेक्षा कथानक व लढाईस प्राधान्य देतो. सुपरगेमिंग या संस्थेच्या ‘इंडस’ (२०२४) या बहुखेळाडू खेळात मैदानावर उतरून शस्त्रे गोळा करणे व आकसत जाणाऱ्या सीमेच्या आत राहण्यासाठी धावणे, असे लूट व प्रवासाचे वेगळे समीकरण आहे. 

पन्हाळा, विशाळगड व त्यांमधील खिंडी यांसारखा भूप्रदेश या प्रकारच्या खेळास अनुकूल आहे. तथापि तो वापरताना रचनाकारासमोर अवघड प्रश्न उभे राहतात. बाजीप्रभूंच्या खिंडीत शत्रूच्या देहावरून रंगीत वस्तू उडू लागल्या, तर घटनेचे गांभीर्य लोपेल. वाट एका कळीने पार करता आली, तर बलिदानाचे कारणच दिसेनासे होईल. सभासदाने वर्णिलेली यादी व झडती ही खेळाच्या नियमांत आणता येण्याजोगी आहे. तेथे लूट ही खेळाडूची खाजगी कमाई न राहता जबाबदारीने जमा करावयाचा ऐवज ठरेल.

लूट व प्रवास यांच्या नियमांनी खेळाडूच्या वेळेचे व काही वेळा पैशाचेही मोल ठरते. वाट लांब असणे किंवा वस्तू दुर्मिळ असणे हा दोष नव्हे. त्या लांबीतून भूमीची ओळख होत असेल व त्या दुर्मिळतेचे प्रमाण खेळाडूस ठाऊक असेल, तर श्रम सार्थकी लागतात. जेथे वाट केवळ कंटाळा विकण्यासाठी लांबविलेली असते व शक्यता दडविलेली असते, तेथे लूट खेळाडूने मिळविलेली नसून खेळाडूचीच होत असते. मोहिमेवर निघणाऱ्या शिपायाला नियम आधी सांगण्याची जुनी पद्धत या नव्या क्षेत्रालाही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.